चांगला मणी कापायचा नाही

गेल्या पंधरा दिवसांत मी दोन सिनेमे पाहिले आणि एक पुस्तक वाचलं. ऑफिसात डबा खाताना कुणीतरी विचारलं, कसे होते? मी सांगितलं, पहिला तो मॉलमधला हिंदी. मणी टपोरा, चकाकी भरपूर, पण गोडी बारा. देठ तर वाळलेलाच. लोकल मार्केट. दुसरा मराठी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी आटतं, बुडालेलं गाव वर येतं आणि एक बाई त्यात आपली विहीर शोधत फिरते, तो. थेटरात आम्ही मोजून अकरा माणसं होतो. त्याचा मणी बारीक, दोन-तीन ठिकाणी तडकलेला, पण गोडी वीसच्या वर आणि देठ हिरवागार. मधली दोन गाणी कापली तर डोळे झाकून एक्स्पोर्ट. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि विषय बदलला. नवीन लोक आहेत, त्यांना माझी सवय नाही.

पुस्तकाबद्दल मी काही बोलले नाही. त्या पुस्तकाबद्दल मत द्यायचं तर आधी चाचांबद्दल सांगावं लागतं आणि चाचा डब्याच्या वेळात बसणारे नाहीत.

मी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला लागले तेव्हा चाचा तिथे क्वालिटी सुपरवायझर होते. मी सटाण्याकडची, राहायला नाशिकला, रोज कंपनीच्या गाडीने हायवेवरून जाऊन-येऊन. माझं काम कागदांचं. कुठल्या बागेचा माल कुठल्या कंटेनरमध्ये गेला ते लिहायचं. चाचांचं काम तो माल जाऊ द्यायचा की नाही ते ठरवायचं. मण्याची गोडी यंत्रावर आकड्यात मोजायची, देठ बघायचा आणि मग एक्स्पोर्ट की लोकल ते सांगायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना पाहिलं तेव्हा हसू आवरलं नव्हतं. पॅकहाउसमध्ये सगळ्यांना डोक्याला जाळीची टोपी घालावी लागते. चाचांची स्वतःची एक जाळीदार टोपी होतीच, तिच्यावर कंपनीची जाळी, आणि दाढीला आणखी एक. गळ्यात दोऱ्याने बांधलेली घड साफ करायची छोटी कात्री. ती कात्री घेऊन ते घरीही जायचे. जेवतानाही ती गळ्यात असायची म्हणे.

तिथे लांबलचक टेबलांवर चाळीस-पन्नास बाया घड साफ करत. एका हातात घड, दुसऱ्या हातात कात्री. तडकलेला, डागाळलेला, सुरकुतलेला मणी अलगद कापून काढायचा आणि उरलेला घड डब्यात ठेवायचा. चाचा टेबलांच्या मधून फिरत राहायचे आणि दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य म्हणायचे, खराब मणी सोडायचा नाही, चांगला मणी कापायचा नाही. दुसऱ्या अर्ध्यावर त्यांचा जोर जास्त असायचा. खराब मणी एखाद्या वेळी सुटला तर ते नुसते चुकचुकत. चांगला कापला गेला तर त्यांना खरोखर त्रास व्हायचा.

एकदा एका नव्या मुलीने घाबरून इतके मणी कापले की घडाला टक्कल पडलं. आता हिची हजेरी घेतात म्हणून आम्ही बघत राहिलो. चाचांनी तिच्या टेबलाखालचे कापलेले मणी गोळा केले, नळावर धुतले आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. एक मणी स्वतः खायचे, एक तिला द्यायचे. प्रत्येक मण्याला तेच विचारायचे, "सांग, याचा काय गुन्हा होता?" सात-आठ मण्यांनंतर ती मुलगी रडायला लागली, तेव्हा ते स्वतःच गोंधळले आणि त्यांनी सुमनबाईला बोलावून आणलं. सुमनबाई म्हणजे टेबलांवरची सगळ्यात जुनी बाई. तिने त्या दोघांचीही समजूत काढली.

घड मात्र ते कधी फेकू द्यायचे नाहीत. रद्दीच्या क्रेटमधून घड उचलून आणायचे, उजेडात फिरवून फिरवून बघायचे आणि म्हणायचे, यात नऊ खराब आहेत, ऐंशी चांगले आहेत, नवासाठी ऐंशीला का फेकता? पॅकहाउसच्या मालकांना हा उद्योग वेळखाऊ वाटायचा. पण चाचांनी पास केलेला माल परत येत नसे, म्हणून मालक काही बोलत नसत.

तर हा माणूस सिनेमाही असाच बघायचा.

शुक्रवारी नमाज झाली की अर्धी सुट्टी घेऊन ते नाशिकला जायचे आणि दुपारच्या शोला एकटे बसायचे. याला ते तपासणी म्हणत. रविवारी काम सुटल्यावर संध्याकाळी तोच सिनेमा परत. याला खायला जाणं म्हणत. शुक्रवारी खराब जागा कुठे कुठे आहेत ते डब्यावर चिकटवायच्या स्टिकरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचे, आणि रविवारी ती जागा आली की खुर्चीवरून उठून थेट बाहेर. बाहेर पॅसेजमध्ये उभं राहायचं, खराब भाग संपला की परत येऊन बसायचं. एवढं करून सोमवारी ते टेबलांमधून फिरता फिरता तो सिनेमा बायांना सांगायचे. सांगताना अर्थातच साफ केलेला. घाणेरडा विनोद गेलेला, सासूने सुनेला मारलेलं गेलेलं, शेवटची मारामारी तर हमखास गेलेली.

सुमनबाईने एकदा त्यातला एक सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी भांडायलाच आली. "चाचा, तुमच्या पिक्चरमधी ती म्हतारी नाय मरत. टीव्हीवर मेली की."

चाचा शांतपणे म्हणाले, "टीव्हीवाल्यांनी कापायला पाहिजे होती. राहून गेलं त्यांचं."

पण त्यांचा एक कायदा होता, आणि मला तो पाठ होता, कारण मी वाद घालण्यात पटाईत आणि मी त्यांच्याशी त्यावर वाद घातला होता. ते कापायचे, जोडायचे नाहीत. म्हातारीचं मरण काढून टाकतील, पण तिचं पुन्हा लग्न लावणार नाहीत. घडाला वरून मणी चिकटवणारा माणूस चोर असतो, असं त्यांचं म्हणणं.

सीझन संपला की बायांना एक सिनेमा दाखवायची त्या पॅकहाउसची पद्धत होती. माझ्या पहिल्या वर्षी टेम्पो भरून आम्ही नाशिकला गेलो. थेटर जुनं, एकच पडदा असलेलं. चाचांची तपासणी आधीच झाली होती. अर्धा तास झाला असेल, चाचा उठले. शेजारी सुमनबाई. तिने विचारलं, कुठं? चाचा कुजबुजले, खराब मणी. सुमनबाई उठली. ती उठली म्हणून तिची जाऊ उठली, जाऊ उठली म्हणून पुढची, आणि बघता बघता आमची अख्खी ओळ एकमेकींच्या पायांवर पाय देत पॅसेजमध्ये. मी एकटी बसून राहणार होते, पण मग मीही गेले. दारावरच्या माणसाला आग लागली की काय असं वाटलं. चाचांनी त्याला व्यवस्थित समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून तो आपणहून दार धरून उभा राहायला लागला. आम्ही बाहेर ओळीने उभ्या, चाचा दाराशी कान लावून त्याला विचारायचे, "झालं का ते?" तो आत डोकावून सांगायचा, "अजून रडतायत." मग थोड्या वेळाने पुन्हा, झालं का ते. मग तो म्हणायचा, चला, झालं.

शेवटी सगळ्यात मोठा खराब भाग होता, नऊ मिनिटांचा. आम्ही पॅसेजमध्ये उभ्या उभ्या शेंगा खाल्ल्या. आत गेलो तेव्हा नायक-नायिका कुठल्याशा ओट्यावर बसून हसत होते आणि सिनेमा संपला. परतीच्या वाटेवर टेम्पोत सगळ्या बाया ते गाणं म्हणत होत्या. पुढे मी तो सिनेमा मोबाइलवर सबंध पाहिला. अगदी सुमार आहे. पण त्या दिवशी पाहिला तो फार सुंदर होता, आणि तोच मला आठवतो.

पुस्तकांचं मात्र कठीण होतं. पुस्तकातून उठून पॅसेजमध्ये जाता येत नाही. चाचा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी त्यांनी क्रेटवरची लेबलं आणि सकाळचे पेपर वाचत वाचत स्वतःच शिकून घेतलं होतं. वाचन हळू, ओठ हलवत. रद्दीवाल्याकडून जुनी मराठी पुस्तकं आणायचे, आणि खराब पान आलं की गळ्यातली कात्री. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अक्षरशः ओरडले. पुस्तक असं कापतात का? चाचा म्हणाले, पैसे देऊन घेतलंय, माझी बाग आहे. वाचनालयाच्या पुस्तकाला त्यांनी कधी कात्री लावली नाही. ती दुसऱ्याची बाग.

कापलेली पानं ते टाकत नसत. द्राक्षांच्या झाकणवाल्या प्लास्टिकच्या डब्यात ती नीट घडी करून ठेवलेली असत. कशाला ठेवता, असं मी विचारलं, तर म्हणाले की डब्यात न बसणारी द्राक्षं आपण टाकतो का? वाळवतो. त्याचा बेदाणा होतो. आत्ता जे तोंडात धरवत नाही ते चार वर्षांनी गोड लागेल, कुणी सांगावं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण यातला पुढचा भाग माझा आहे.

मला एक धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती आठवीत होती. तिला मी वाढवलं, म्हणजे निदान मला तरी तसं वाटायचं. तिच्यासाठी स्थळ मी पाहिलं, साखरपुडा मी ठरवला, हॉलही मीच धरला. आदल्या दिवशी तिने माझ्याकडून दोन्ही हातांवर मेंदी काढून घेतली. आणि साखरपुड्याच्या सकाळी ती कळवणच्या आश्रमशाळेतल्या एका मास्तरबरोबर निघून गेली. मुलगा चांगला होता. ते मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण मला मुलाचं काहीच नव्हतं. तीन तास ती माझ्यासमोर हात पसरून बसली होती आणि एक शब्द बोलली नाही, हे मला सोसलं नाही. आलेल्या पाहुण्यांना मी एकटीने हात जोडून परत पाठवलं. त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही.

ती दर रविवारी फोन करायची. सीझनमध्ये आमचं काम रविवारीही चालायचं, त्यामुळे फोन यायचा तेव्हा मी पॅकहाउसमध्येच असायचे. टेबलावर मोबाइल थरथरायचा, मी तो बंद करायचे आणि पुन्हा कागदांत डोकं घालायचे. चाचा तिथून जाता-येता हे बघत. एकदा त्यांनी विचारलं, कुणाचा फोन? मी सांगितलं, तुमच्या रद्दीच्या क्रेटमधला. ते हसले नाहीत. सगळी हकीकत मी त्यांना पुढे कधीतरी सांगितली, रागारागाने. त्यांनी ऐकून घेतली. उपदेश केला नाही. केला असता तर मी त्यांच्याशीही बोलणं सोडलं असतं, मी तशी आहे.

मग हळूहळू तिचे फोन कमी झाले. एका रविवारी आला नाही, मग दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि दर पाच मिनिटांनी सुलटा करून पाहिला. चाचांनी तेही पाहिलं असणार.

त्याच आठवड्यात त्यांनी मला एक पुस्तक आणून दिलं. जुनी कादंबरी, मुखपृष्ठ गेलेलं. दोन बहिणींची गोष्ट. मोठीचं शिवणाचं दुकान, धाकटी भांडून लांबच्या गावी जाऊन राहिलेली, बारा वर्षांचा अबोला. मी पहिलं पान वाचलं आणि चाचांकडे रागाने बघितलं. ते म्हणाले, "मी काय केलं बेटा? रद्दीवाल्याकडे होतं. गोडी बावीस आहे, वाचून बघ."

वाचलं. खरंच गोडी बावीस होती. शेवटी मोठी बहीण दुकानाला कुलूप लावते आणि धाकटीच्या गावच्या गाडीत बसते. गाडी स्टँडात शिरते. तिथे पुस्तक संपत होतं, कारण पुढची तीन पानं कापलेली होती. कापही त्यांच्या सवयीप्रमाणे स्वच्छ, शिवणीला धक्का न लावता. मी सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या चाचांना गाठलं. शेवट कुठाय?

चाचांनी सांगितलं, शेवट चांगला आहे, पण लेखकाने फार लांबवलाय, म्हणून काढला, तोंडी सांगतो. आणि घड उजेडात धरून बघत बघत, माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं, "मोठी खाली उतरते. तर धाकटी स्टँडवरच उभी. तिला कुणी कळवलेलं नव्हतं. ती रोजच यायची त्या गाडीला. बस. एवढंच."

मला शंका आली नाही. का यावी? चाचा कापायचे, जोडायचे नाहीत.

पुढच्या रविवारी मी रजा घेतली आणि कळवणच्या एसटीत बसले. कुणाला सांगितलं नाही. रस्ताभर मी स्वतःला बजावत होते की गोष्ट ती गोष्ट, आपली बहीण काही रोज स्टँडवर येत नसणार. पण खरं सांगते, गाडी कळवण स्टँडात शिरली तेव्हा मी खिडकीतून तिलाच शोधत होते. ती नव्हती. कशी असेल? मी खाली उतरले, आणि समोरच्याच फलाटावर नाशिकची परतीची गाडी लागलेली. कंडक्टर दारात उभा राहून नाशिक, नाशिक करत होता. मला एकदम स्वतःचीच लाज वाटली. आपण काय म्हणून आलो? तिने महिनाभरात फोन केलेला नाही. तिच्या दारात जाऊन काय म्हणणार? परतीच्या गाडीची पायरी माझ्यापासून दहा पावलांवर होती आणि पर्समध्ये सुटे पैसे होते.

मी बाकावर बसले ते केवळ त्या पुस्तकामुळे. पुस्तकातली धाकटी येते, मग आपणही थोडं थांबून पाहावं, असा काहीतरी वेडगळ विचार होता. मी पंचविसेक मिनिटं थांबले. बहीण आली नाही. नाशिकची गाडी मात्र भरली आणि निघून गेली. मग दुसरं काही करण्यासारखं उरलंच नाही, म्हणून मी एका केळीवाल्याला आश्रमशाळेतल्या मास्तरांचं घर विचारलं.

दार तिनेच उघडलं. हातात सोलायचा लसूण होता. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, ती आई गेल्यापासून जवळजवळ सुटली होती. तिने मला बघितलं, लसूण खाली पडला आणि ती त्या भाषेत एवढंच म्हणाली, "ताई, तू उनी?"

आलीस. हो, आले. पुढचं सांगत नाही. आम्ही दोघी फार वाईट दिसतो रडताना.

सोमवारी मी चाचांना सांगायला गेले, तेही तक्रारीच्या सुरात. तुमच्या पुस्तकावर भरवसा ठेवला आणि फसले, म्हटलं, ती काही स्टँडवर आली नव्हती. चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, मग परतीची बस? मी म्हटलं, होती की समोरच. ती गेली का, त्यांनी विचारलं. म्हटलं, गेली ती. पण मी तिच्या घरी गेले. चाचांनी पुन्हा विचारलं, "गेली ना ती?" मी हो म्हटल्यावर त्यांनी गळ्यातली कात्री काढून टेबलावर ठेवली, तोंडावर पाणी मारून आले आणि त्या दिवशी सगळ्या टेबलांना चहा पाजला. मला तेव्हा एवढंच वाटलं की या माणसाला बसचं काय पडलंय. त्यांच्या गोष्टीत तर परतीची बस नव्हतीच.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. चाचा निवृत्त झाले. जुन्या नाशकात चाचींबरोबर दोन खोल्यांत राहतात. डोळे अधू झालेत, सिनेमे नातेवाइकांच्या मोबाइलवर ऐकतात आणि कुरकुरतात की मोबाइलवर मजा नाही, बोटाने पुढे सारता येतं, उठावं लागत नाही. मी पॅकहाउस सोडलं, नाशकातच दुसरी नोकरी धरली. ईदला जाते, अधूनमधून द्राक्षं घेऊन जाते आणि ती खराब निघाली म्हणून बोलणी खाऊन येते. बहीण आता महिन्या-दोन महिन्यांनी येते माझ्याकडे. आम्ही भांडतो, पण फोन बंद करत नाही.

आणि गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या वाचनालयात मला ती कादंबरी दिसली. मुखपृष्ठासकट. आतल्या पानांवर वाचलेलं नाव ओळखीचं वाटलं म्हणून उघडली, तर त्याच बहिणी. सहज शेवट काढला. तिथल्या बाकावर बसून मी ती तीन पानं वाचली.

गाडी स्टँडात शिरते. मोठी बहीण खिडकीतून बघते. स्टँडवर कुणी नाही. सगळे उतरतात, ती उतरत नाही. कंडक्टर येऊन विचारतो तेव्हा ती परतीचं तिकीट मागते. गाडी वळते तेव्हा तिला वाटतं की रस्त्याच्या कडेला भाजी घेत असलेली बाई ओळखीची आहे. पण ती खात्री करून घेत नाही. मांडीवर धाकटीसाठी शिवलेलं पोलकं आहे, त्याचा सुटलेला धागा ती दाताने तोडते. संपलं. कुठे रडारड नाही, एक शब्द जास्त नाही. सबंध पुस्तकात एवढी सुंदर पानं दुसरी नाहीत. ही पानं मी तेव्हा वाचली असती, तर कळवणला मी त्या दहा पावलांचं काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. स्वभाव आपला आपल्याला ठाऊक असतो.

संध्याकाळी पुस्तक घेऊन चाचांकडे गेले. चाचींनी दार उघडलं. चाचा खिडकीशी बसले होते, गळ्यात तीच कात्री, आता तिला धार नाही. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, चाचपलं, शेवटची पानं बोटांनी मोजली.

"सापडलं का तुला," ते म्हणाले.

मी म्हटलं, चाचा, तुम्ही म्हणाला होता शेवट लांबवलाय. यात एक शब्दही जास्त नाही.

"नाही," ते म्हणाले. "एक नंबर माल आहे. सबंध घडात त्याच्यासारखा मणी नाही." मग बराच वेळ ते कात्रीच्या दोऱ्याशी चाळा करत राहिले. "आख्ख्या जिंदगीत एकच चांगला मणी कापला, बेटा. आणि वरून खोटा चिकटवला. कसं करावं, समजत नव्हतं. तू मोबाइल सारखा सुलटा करून बघत होतीस."

चाचींना त्यांनी हाक मारली. चाचींनी कपाटावरचा द्राक्षांचा प्लास्टिकचा डबा काढून दिला. झाकण पिवळं पडलं होतं. चाचांनी आत बोटं घालून तळाची तीन पानं बरोबर काढली आणि माझ्यापुढे धरली. वाच म्हणाले, मोठ्याने वाच, मला आता दिसत नाही, आणि आठ वर्षांत मी ती पुन्हा उघडली नाहीत.

वाचनालयाचं पुस्तक बाजूला ठेवून मी ती सुटी पानं वाचायला लागले. गाडी स्टँडात थांबली. खिडकी आली, रिकामा स्टँड आला. चाचा मान हलवत ऐकत होते, मध्येच वा म्हणाले. कंडक्टर आला. मोठीने परतीचं तिकीट मागितलं, आणि चाचा उठले. भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेले आणि बाहेर गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

चाचा फक्त खराब मण्याला उठायचे. मी वाचायची थांबले. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना तेवढी तीन पानं बसून ऐकवत नव्हती, आणि ती माझ्यामुळे ऐकवत नव्हती, हे मला कळलं. मी पानं तशीच हातात घेऊन त्यांच्या मागे गेले. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. चाचांनी मान वळवली नाही. थेटरातल्या त्या दारावरच्या माणसाला विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "गेली का ती बस?"

"गेली, चाचा," मी म्हटलं. "मी नव्हते त्यात."